मजेचं माप

आमचा भाचा वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागला तेव्हा मला अगदी भरून आलं. एमआयडीसीची सुरुवात 1962 मध्ये इथूनच झाली आणि इथल्याच एका टूलरूममध्ये मी तीस वर्षं मोल्ड घासले. आता कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्यात. त्यातल्या एकीत बसून भाचा व्हिडिओ गेम बनवतो. चार वर्षं. एकच!

त्यानं 'गेम झाला की लग्न' असं जाहीर करून ठेवलंय. मुलीचे वडील हल्ली मुहूर्ताचं विचारत नाहीत, 'गेम कुठवर आला?' म्हणतात. शेवटी ताईनं मला धाडलं.

भाच्यानं पडद्यावर एक रिक्षा दाखवली. वळणावर ती रस्त्यात रुतायची. तीन दिवस खपून रस्ता उचलला, तर नाक्यावरचा कुत्रा हवेत तरंगायला लागला!

"एक बदललं की सगळं पुन्हा खेळून बघावं लागतं, मामा."

"जरा घाई करावी रे."

"अटारीनं केली होती. 1982 चा नाताळ गाठायला 'ई.टी.' पाच आठवड्यांत उरकला. न खपलेल्या कॅसेटी पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोत कचऱ्यात पुरल्या."

"आणि सबुरीनं केलं तर?"

"पुण्याचा 'राजी' बघा. 2017 मध्ये लोकवर्गणी मागितली, ती जमली नाही. संस्थापकांपैकी एकीनं स्वतःचा फ्लॅट विकला. 2020 मध्ये गेम आला, नावाजला गेला."

"फ्लॅटचं ताईला सांगू नकोस," मी घाईघाईनं म्हटलं. "पण तुझं अडलंय कुठे?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "सगळं चालतंय, मामा. पण मजा येत नाही. गेल्या महिन्यात अर्धा गेम टाकून दिला."

मी काय बोलणार? बाटलीच्या झाकणाचा मोल्ड मीही चारचारदा मशीनवरून उतरवलाय. पण माझ्या हाताशी ड्रॉइंग होतं, मायक्रोमीटर होता. चार मायक्रॉन जास्त? घास! या पोराला मजा मोजायचीय, आणि तिचं गेज कुठल्याच दुकानात मिळत नाही. करायचं, खेळायचं, टाकायचं, पुन्हा करायचं.

घरी येताच ताईनं गाठलं. "किती दिवस अजून?"

तीस वर्षं सुपरवायझरला दिलेलं उत्तर आपोआप तोंडात आलं.

"झालंच गं. थोडंच घासायचं राहिलंय."