काळी चार

औरंगपुऱ्यातल्या आत्याच्या घरी, माडीवर, सुटकेससारखा उघडणारा रेकॉर्ड प्लेअर होता. त्याच्या कोपऱ्यात बोटभर खटका आणि खटक्यासमोर चार आकडे : १६, ३३, ४५, ७८. एका दुपारी आत्या भाजी घ्यायला खाली उतरली आणि मी भीमसेनजींची एलपी लावून खटका ७८वर सरकवला. तो भरदार आवाज किरटा होऊन धावत सुटला. आत्या पिशवीसकट जिना चढून आली, दांडी अलगद उचलली आणि म्हणाली, "अरे, अशानं माणूस ओळखू येत नाही."

ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. त्या दिवशी तिने एलपीखाली कागदाचा कपटा असा सरकवला की टोक बाहेर राहावं. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "तीन मिनिटं मोज." कपटा शंभराव्यांदा माझ्यासमोरून गेला तेव्हा तीन मिनिटं भरली. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. अपूर्णांक मला शाळेत नाही, त्या कपट्यामुळे कळले. पुढे दर उन्हाळ्यात मी मोजायचो. विजेचा दाब कमी असला की अठ्ठ्याण्णवच भरायचे. मग आत्या म्हणायची, "आज नको. बुवांना थकवू नकोस."

ज्या १९४८ साली मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ही बारा इंची एलपी लोकांसमोर आणली. पुढच्या वर्षी आरसीए व्हिक्टरने सात इंची, ४५ फेऱ्यांची तबकडी काढली. आत्याकडच्या सात इंचींवर भावगीतं आणि अभंग होते, बहुतेकींवर दोन्ही बाजू मिळून चार गाणी. त्या गणपतीत वाजायच्या आणि पुन्हा कपाटात जायच्या.

तिचा जीव मात्र ७८वर. त्या रेकॉर्डी आजोबांच्या, आणि त्यांच्यासाठी चावीचा ग्रामोफोनही आजोबांचाच. लाखेच्या तबकड्या, जड, हातातून सुटल्या तर कौलासारख्या फुटणाऱ्या. झाडाच्या फांद्यांवर किडे जी लाख धरतात, तीच ही. जगभरच्या कारखान्यांना ती मुख्यतः आपल्याच देशातून जायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर गाणं जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायली तेव्हापासून आपल्या गवयांना ही मोजपट्टी लागली. मैफलीत तासभर फुलणारा राग एवढ्याशा जागेत कसा बसवायचा? अब्दुल करीम खाँसाहेबांनी बसवला, हिराबाईंनी बसवला. मला ते गाणं तोकडं कधीच वाटलं नाही. पहिलाच स्वर तापलेला यायचा, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात ताना अशा दाटून यायच्या की ऐकणाऱ्यालाच श्वास पुरू नये.

प्रत्येक बाजूला नवी पोलादी पिन. छोट्या डबीतून आत्या ती चिमटीत घेऊन बसवायची, वापरलेली काडेपेटीत टाकायची. मग चावी. आणि मग ते काम, जे मी दुसऱ्या कुठल्याच घरी पाहिलं नाही : ती पेटी पुढ्यात ओढायची.

आकडा ७८चा असला तरी सुरुवातीच्या काळातल्या सगळ्याच तबकड्या त्याच वेगाने भरलेल्या नसत. कुठे सत्तरीच्या घरात, कुठे ऐंशीच्या पुढे. आज आपण त्या सरसकट एकाच वेगाने लावतो आणि गवयाची पट्टी चढते किंवा उतरते. चावीच्या ग्रामोफोनला वेग कमी-जास्त करायचा स्क्रू असायचा. आत्या डाव्या हाताने भाता हलवून उजव्या हाताने एकेक पट्टी दाबायची आणि स्क्रू फिरवत राहायची, गवयाचा षड्ज पेटीतल्या कुठल्यातरी सुरावर नीट येऊन बसेपर्यंत. बसला की मान हलवायची. "हां. आता घरी आले." ते खरंच घरी आलेले असत की शेजारच्या अर्ध्या सुरावर, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. तिच्या कानावर माझा विश्वास आहे.

१६वर खटका मात्र कधी गेला नाही. त्या वेगाच्या तबकड्या बहुधा बोलण्याच्या असत, त्या आमच्याकडे नव्हत्या. "याचं काय करायचं, तेवढं मला ठाऊक नाही," असं ती म्हणायची. ती गेल्यावर मी वाचलं की १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पाठवलेली सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी नेमकी याच वेगाची, १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांची. ३३च्या निम्मा वेग, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त संगीत मावलं. त्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई आहेत, साडेतीनेक मिनिटांची भैरवी. यानं निघाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. हे वाचलं तेव्हा मी फोन हातात घेतला होता. मग आठवलं की तिकडे उचलणारं कोणी नाही.

आत्या गेली त्यानंतरच्या मे महिन्यात माडीवर पत्र्याखाली ठेवलेल्या एलपी पापडासारख्या वाकल्या. लाखेच्या काही मी आणल्या. पेटी आणली. आणि एक कॅसेट.

कॅसेट मीच भरली होती. लाइट गेलेली संध्याकाळ, सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर, कंदिलाच्या उजेडात आत्या पेटीवर अभंग म्हणतेय. ती नेहमी काळी चारमध्ये गायची. एवढ्या वर्षांनी लावली तर आवाज एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीचा. कोण ही? मग ध्यानात आलं, त्या दिवशी सेल उतरत आलेले होते. टेप हळू फिरत भरली गेली, म्हणून आता जलद वाजते.

शहागंजातल्या एका जुन्या मिस्त्रीने मला दाखवलं, मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं आणि आत वेगाचा स्क्रू. मी तिचीच पेटी पुढ्यात घेतली, काळी चार दाबून धरली आणि पेचकस फिरवला. टेपमधली पेटी काळी पाचच्या आसपास होती. ती खाली येऊ लागली, तिच्याबरोबर आत्याही. दोन्ही पेट्यांचा सूर एक झाला तेव्हा मधली थरथर थांबली आणि खोलीत आत्या होती. किंचित घोगरी, "विठ्ठल"मधल्या ठ्ठवर जोर देणारी.

पण सेल उतरतच गेलेले. दुसऱ्या अंतऱ्यात ती पुन्हा वर सरकायला लागली. मी पेचकस हलके फिरवत राहिलो, तिला काळी चारवर धरून ठेवत, अभंग संपेपर्यंत. मग तिचा भाता मिटल्याचा आवाज आला, आणि तिचं बोलणं : "बंद कर रे आता, सेल संपतील."

त्या वाक्याखाली पेटी वाजत नाही. मी ते पुन्हा लावतो, स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे, आणि डोळे मिटून ऐकतो.