मॅटखालची पांढरी पापडी

सखे,

धरमतरचा पाऊस एकदाचा सरला आणि आम्ही गाडी घेतली. नवी नव्हे, सेकंडहँड. आधी फोटोच पाठवणार होते, पण तू लगेच "हॉर्न तरी वाजतो का?" असं विचारलं असतंस. वाजतो बाई. पुलाच्या कठड्याला रेललेली पोरं दचकून वळतील इतका वाजतो.

तर तुला सांगते, गाडी झाडायला घेतली आणि ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली, तर खालच्या गालिच्यावर पांढरी खरखरीत पापडी धरलेली. कडेला राखाडी गाळाची रेघ. बाहेर कडक ऊन, आणि गालिचा मात्र दाबला की गार, दमट लागत होता. हे काय आहे ते कळेपर्यंत मला चैन पडणार नव्हतं, हे तुला वेगळं सांगायला नको.

घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. सासूबाईंच्या मते कुणीतरी बर्फात घालून जिताडा नेला असणार आणि त्याचं पाणी झिरपलं. शेजारचे काका म्हणाले, पेणची गाडी म्हणजे गणपतीच्या कारखान्यातलं प्लास्टर, दुसरं काय! तेही पटण्यासारखं होतं. हमरापूर-जोह्याकडे घराघरांत मूर्ती घडतात, तिकडच्या गाड्यांना पांढरा हात लागतोच. दिरांना पोलादाच्या धुळीची शंका. आणि आमचा फिटर तर ठाम होता, "वहिनी, ही महाडच्या पुरातली, जुलै 2021 ची." सगळे इतक्या जोरात बोलत होते की सासूबाईंनी शेवटी जिताड्याची किंमत काय चालली आहे याच्यावर विषय नेला.

मी मात्र चमच्याने थोडी पापडी खरवडली. पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक तिच्यावरून फिरवला. दोन-चार काळे कण चिकटले, बाकी सगळं जागच्या जागी. म्हणजे लोखंडाची धूळ नव्हे. व्हिनेगरचे थेंब टाकले. चुनखडी असती तर फसफसली असती. प्लास्टर फसफसत नाही, म्हणून त्याच्यासाठी पाणी. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वाटीत घेतलं, पापडी ढवळली, आणि पांढरं सगळं दिसेनासं झालं. तळाशी उरला नुसता गाळ. प्लास्टर काय, शाडू काय, इतक्या झटकन विरघळत नाही. वरचं पाणी गाळून बशीत उन्हाला ठेवलं, तर पाणी आटल्यावर बशीत बारीक चौकोनी खडे लखलखत होते. मीठ!

तरी खात्री हवी म्हणून ओळखीच्या बाईंकडे शाळेच्या प्रयोगशाळेत गेले. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडला आणि पाण्यात दह्यासारखा पांढरा साका धरला. तुझी इतकी आठवण आली म्हणून सांगू! बारावीत याच औषधाचे काळे डाग तू बोटांवर मिरवत होतीस, आणि वर म्हणत होतीस की मेंदी रंगली.

आता हे मीठ डब्यातून सांडलेलं नक्कीच नव्हतं. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या वीतभर भागावर पाण्याची रेघ. स्टेपनीच्या खाचेत तोच राखाडी गाळ. गाडीत पाणी शिरलं होतं, आणि ते महाडचं नव्हतं. तिथे चढलं ते पावसाचं गोडं पाणी. ते चिखल ठेवून जातं, मिठाची पापडी नाही. हे आपल्या अंबेच्या खाडीचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून तो गालिचा सुकता सुकत नव्हता.

मग आम्ही आधीच्या मालकांना भेटलो. खारेपाटातले शेतकरी. त्यांनी काही लपवलं नाही. उधाणात बांधाला खांड पडली, रात्रभर अंगणात पाणी, गाडी दारातच उभी. "पाणी उतरलं, गाडी चालू झाली, मग राहिलं काय?" असं म्हणाले आणि शेतावर घेऊन गेले. तिथे मला बोलवेना गं. खारं पाणी शिरलं की भाताचं पीक एका हंगामापुरतं जात नाही, जमीनच नापीक होते. गाडीतलं मीठ आम्ही धुऊन काढू, पण त्यांच्या शेतातलं कोण काढणार? बांध वेळेवर बांधला गेला पाहिजे, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

गाडीचं सांगायचं तर सीट काढल्या, फोम टाकून दिला, गालिचा पुन्हा पुन्हा गोड्या पाण्याने धुतला. सीटखालच्या वायरींच्या टोकांना हिरवं किटण आलं होतं. तिथेच एअरबॅगचं पिवळं सॉकेट असतं, म्हणून फिटरने आधी बॅटरी सोडवली आणि थोडा वेळ थांबून मगच हात लावला. मला ते फार आवडलं. आता गाडी ठणठणीत आहे.

आणि तू! थंडीत ओंटारियोतून बुटांवरच्या पांढऱ्या रेघांची रडगाणी गातेस ना? तेही हेच मीठ. तुमच्या ह्युरॉन सरोवराखाली गोडरिचला जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. बर्फ वितळावा म्हणून तसलंच मीठ रस्त्यांवर टाकतात आणि तुम्ही ते पायांनी गाडीत आणता. आमच्याकडे तेच काम भरती करते. तेव्हा आळस करू नकोस. बर्फ संपला की मॅट उचल, आधी व्हॅक्युम, मग कोमट पाण्याने पुसून पूर्ण वाळव, आणि गालिच्याखालच्या पत्र्याला गंज धरलाय का ते पाहून मला लगेच कळव.

तुझीच