धुळीचं प्रमाण

मारुती ८०० ची लांबी ३,३३५ मिलिमीटर. १:२४ या प्रमाणात तिची प्रतिकृती बनवायची, तर ती १३९ मिलिमीटर भरते. १:४३ मध्ये साडेसत्त्याहत्तर. भागाकार येत असेल तर एवढ्यावर मापाचा प्रश्न मिटतो. रंगाचा मिटत नाही, कारण रंग चोवीसने भागता येत नाही. ऊन, चकाकी, धूळ यांनाही हा भागाकार लागू पडत नाही. गाड्यांच्या प्रतिकृती बनवणारे आपण लोक दाराच्या मुठी, वायपर, आरसे यांच्या बारकाव्यांसाठी जीव टाकतो आणि रंग शेवटच्या दोन संध्याकाळी उरकतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. प्रतिकृती खरी वाटते की खेळण्यासारखी, हे मुख्यतः रंगावर ठरतं. धाराशिव जिल्ह्यातल्या रस्त्यांवर वावरलेली गाडी बनवायची असेल, तर तो रंग परदेशी बाटलीतून आणि परदेशी पुस्तकातून जसाच्या तसा उचलता येत नाही. तो इथल्या उन्हातून आणि मातीतूनच शोधावा लागतो.

प्रमाण साधण्याचं कौशल्य आपल्याकडे फार जुनं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली सापडलेला ब्राँझचा रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद आहे, आणि त्यावर उभा असलेला माणूस १६ सेंटिमीटर उंच. माणूस १६० सेंटिमीटरचा धरला, तर प्रमाण १:१० येतं. त्याच हिशेबाने बैलजोडीसकट रथ साडेचार मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद ठरतो. बैलगाडी पाहिलेल्या कोणालाही ही मापं पटतील. ओतकाम करणाऱ्यानं मोजपट्टी वापरली होती असा माझा दावा नाही. त्याच्या डोळ्याला प्रमाण कळत होतं, एवढं नक्की. खुद्द धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगरहून माल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला जात असल्याची नोंद आहे. तगरहून जाणाऱ्या मालात कापड मुख्य. म्हणजे गाडी, वाट आणि धूळ यांचं इथलं नातं दोन हजार वर्षांचं तरी आहे. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या मृण्मूर्ती आहेत. त्यांतल्या केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती दुहेरी साच्यात, पुढचा आणि मागचा भाग वेगळा काढून, मग जोडून केलेल्या आहेत. आजच्या प्लास्टिक किटमध्येही दोन साच्यांच्या सांध्यावर तीच रेघ उमटते आणि पॉलिश पेपरने घासून ती काढावी लागते. हा छंद म्हणजे पोरखेळ आहे असं म्हणणाऱ्यांनी तेरला एकदा जाऊन यावं.

आता रंगाकडे वळू. खऱ्या मोटारीवर कारखान्यातून येणारा रंगाचा एकूण थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. १:२४ मध्ये तो ४ ते ६ मायक्रॉन व्हायला हवा. एअरब्रशने कितीही हलका हात ठेवला, तरी प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट मिळून ५० मायक्रॉन सहज होतात. खऱ्या गाडीच्या भाषेत तो सव्वा मिलिमीटरचा लेप. परिणाम पाहा. खऱ्या गाडीच्या दाराभोवतीची फट ४-५ मिलिमीटरची असते. प्रतिकृतीत ती ०.२ मिलिमीटरवर येते. दोन्ही कडांवर पन्नास-पन्नास मायक्रॉन रंग बसला की फट निम्मी बुजते आणि दार गाडीच्या बॉडीवर नुसतं कोरल्यासारखं दिसू लागतं. म्हणून रंगापूर्वी ती रेघ सुईच्या टोकाने खोल करून घ्यावी लागते आणि एका जाड हाताऐवजी पाच पातळ हात मारावे लागतात. मेटॅलिक रंगाची गोष्ट याहून अवघड. गॅरेजमध्ये मिळणाऱ्या मेटॅलिक रंगातले अॅल्युमिनियमचे कण १० ते ५० मायक्रॉनचे असतात. चोवीसपट केले, तर मोठे कण मिलिमीटरच्या पुढे जातात, म्हणजे गाडीवर टिकल्या चिकटवल्यासारखंच. चंदेरी मारुतीची प्रतिकृती करणाऱ्याने मोटारीच्याच दुकानातला अस्सल रंग आणला, तर त्याची गाडी अस्सल दिसेल ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

यापुढचा मुद्दा उजेडाचा. १:२४ ची गाडी फूटभर अंतरावरून, म्हणजे ३० सेंटिमीटरवरून पाहिली, तर ते खऱ्या गाडीकडे ७.२ मीटरवरून पाहण्यासारखं होतं. जुन्या जाणत्यांचा सल्ला असा की, दूरची वस्तू हवेमुळे फिकी दिसते, म्हणून प्रतिकृतीचा रंग थोडा पांढरा मिसळून फिका करावा. सल्ला बरोबर आहे, पण दिलेलं कारण माझ्या मते लंगडं आहे. सात मीटरवर हवेचा परिणाम जवळजवळ शून्य असतो. खरं कारण असं की, वैशाखातल्या दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो आणि संध्याकाळी घरात दीडशे-तीनशे. उजेड कमी झाला की तोच रंग डोळ्याला अधिक गडद आणि अधिक मंद भासतो. एसटीच्या लाल रंगाचा अगदी जुळणारा नमुना आणून प्रतिकृतीला लावला, तर कपाटात ती गाडी काळपट तपकिरी वाटते, कारण आपल्या आठवणीतला लाल रंग उन्हातला आहे. म्हणून रंग मिसळताना मूळ रंगपट्टीशी जुळवण्यापेक्षा, प्रतिकृती जिथे ठेवायची तिथल्या उजेडात ती कशी दिसते यावर भर द्यावा. चकाकीचंही तसंच. आरशासारखी लखलखणारी गाडी छायाचित्रात खेळण्यासारखी दिसते, कारण तिच्यावर आभाळाऐवजी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं. चकाकीचा शेवटचा हात अर्धमॅट ठेवला, तर आकार आपोआप मोठा भासू लागतो.

इथवरचं सगळं जगात कुठेही लागू पडेल. धाराशिवचा प्रश्न सुरू होतो तो गाडी मळवण्यापासून. वापरलेल्या गाडीचा जुनेपणा रंगाने दाखवण्याचं एक मोठं शास्त्र या छंदात उभं राहिलं आहे आणि त्याची पुस्तकं, बाटल्या, पावडरी युरोप आणि जपानकडून येतात. त्यांत गंज फार. दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला, दिव्यांभोवती तांबूस फोड आणि ओघळ. त्या मुलखांसाठी हे खरंच आहे, कारण बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि मिठाने पत्रा सडतो. आपला जिल्हा पर्जन्यछायेत. वर्षाला साधारण ७००-८०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. समुद्र दूर, रस्त्यावर मीठ नाही. इथल्या गाडीला आधी ऊन खातं, गंज बराच मागून येतो. टप आणि बॉनेट विटतात, लाल गुलाबीकडे झुकतो, पांढऱ्यावरून हात फिरवला तर बोटाला पावडर लागते, क्लिअर कोट खवल्यांनी सुटतो. दारांचा उभा पत्रा मात्र बराच टिकतो. आडव्या आणि उभ्या पत्र्यातला हा फरक दाखवला नाही आणि सगळीकडे सारखा फिकेपणा दिला, तर ती गाडी जुनी न दिसता चुकीच्या रंगाची दिसते. रत्नागिरीची गाडी आणि परंड्याची गाडी सारखी म्हातारी होत नाही, हे प्रतिकृतीत दिसलं पाहिजे.

एसटीच्या लाल गाडीवर ही गोष्ट सर्वांत स्पष्ट होते. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत वर्षानुवर्षे गाड्या बांधल्या गेल्या त्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या. पोलादी पत्र्याकडे महामंडळ वळलं ते २०१८ च्या आसपास. अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. जुन्या लाल गाडीचा रंग जिथे खरवडला गेला, तिथे आतून चंदेरी पत्रा दिसतो, आणि कालांतराने त्यावर राखाडी मंदपणा येतो. तरीही लाल परीच्या प्रतिकृतींवर खिडक्यांखाली तांबडे गंजाचे ओघळ काढलेले दिसतात, कारण परदेशी पुस्तकात बस तशीच जुनी होते. खिडकीखालचे ओघळ खरे असतातच, पण ते पान-तंबाखूचे आणि पावसाने वाहून आणलेल्या धुळीचे. रंग तांबूसच, पण उगम निराळा. म्हणून जागाही निराळी. ते खिडकीच्या मध्यातून सुरू होतात आणि वाऱ्याने मागे कलतात, रिव्हेटच्या रांगेतून सरळ खाली उतरत नाहीत. नंबरपाटीचीही अशीच चूक होते. गाडी धाराशिव आगाराची म्हणून हौसेने एमएच २५ लिहिलं जातं. त्या पिढीच्या लाल गाड्यांवर मात्र जिथे त्या बांधल्या आणि नोंदल्या गेल्या तिथले क्रमांक असायचे. दापोडीच्या गाडीवर एमएच १४ बीटी, चिकलठाण्याच्या गाडीवर एमएच २० बीएल.

धुळीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे सगळ्यांत सोपी वाटणारी वाट फसवी आहे. गाडीवाटेवरचा फुफाटा उचलून गाडीवर भुरभुरावा, अस्सल धूळ मिळाली, असं वाटतं. पण वस्त्रगाळ केलेल्या मातीतही ५० मायक्रॉनचे कण राहतातच, आणि १:२४ मध्ये ते सव्वा मिलिमीटरचे खडे होतात. धूळ बसल्यासारखी दिसत नाही, खडी ओतल्यासारखी दिसते. उपाय कुंभारांना माहीत असलेला आहे: माती पाण्यात निवळवणे. बरणीत माती आणि पाणी ढवळून ठेवलं की, १० मायक्रॉनहून मोठा कण १० सेंटिमीटर पाण्यातून सुमारे १९ मिनिटांत तळाशी जातो. वीस मिनिटांनी वरचं गढूळ पाणी हलक्या हाताने ओतून घ्यावं आणि उन्हात आटवावं. जी साय उरते ती खलून घेतली की आपल्या शिवाराची, आपल्याच रंगाची पावडर तयार. काळ्या रानाची माती वाळल्यावर काळी राहत नाही, करडी होते. बालाघाटाच्या डोंगराकडचा मुरूम तांबूस पिवळा उडतो. दोन बरण्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण ढोकीच्या साखर कारखान्याकडे ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरची धूळ आणि सोलापूर-बीड महामार्गावर धावणाऱ्या काळीपिवळीची धूळ एक नसते. विकतच्या बाटलीत ‘धूळ’ म्हणून मिळणारा रंग बहुधा वाळूसारखा पिवळट असतो. आपल्या काळ्या रानाला तो शोभत नाही.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला असा की, मळ चुका झाकतो; ज्याला गुळगुळीत रंग जमत नाही तो गाडी मळवतो. जाड हाताने फासलेला मळ चुका झाकतो, हे खरं. पण पातळ केलेला गडद रंग पत्र्यावर सोडला की तो आधी ओरखड्यात, सांध्यात आणि पॉलिश पेपरच्या खुणांत जाऊन बसतो. गुळगुळीत रंगावर जे दिसत नव्हतं ते सगळं उघडं पडतं. चांगली मळलेली गाडी करण्यासाठी आधी चांगली नवी गाडी करावीच लागते. दुसरा आक्षेप असा की, नवी कोरी गाडीच सुंदर, तिला मळवायची कशाला? शोरूममधली गाडी बनवणं हे अवघड काम आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. परंतु शोरूममधली मारुती धाराशिवची नसते; ती कोणत्याही गावची असते. तिला तुळजापूरची गाडी करायचं, तर काचेवर ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ लिहून भागत नाही. दसऱ्याचे झेंडूचे हार उतरल्यावरही बॉनेटवर राहिलेले हळदीकुंकवाचे ठिपके आणि त्यांभोवती पुसून गेलेली धूळ दाखवावी लागते.

तिसरा आक्षेप पैशाचा. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तालुक्याच्या गावात राहणारा मुलगा जपानी किट आणि कॉम्प्रेसर कुठून आणणार? पण या छंदात महाग आहे तो आकार. रंग, आणि त्यातही धूळ, जवळजवळ फुकट आहे. सनबोर्डची एसटी करणारी मुलं महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि त्यांची मापं वाखाणण्यासारखी असतात. ज्याला किट परवडतं, त्यानेही ते आपल्याकडे वळवावं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपचं किट सहज मिळतं. तिच्या आणि आपल्या जुन्या महिंद्र सीजे-३बीच्या चाकांमधलं अंतर एकच, ८० इंच. बॉनेट उंच करायचं, जाळीच्या नऊ फटींच्या सात करायच्या, पुट्टी भरून घासायचं, आणि लष्करी हिरव्याऐवजी उन्हात विटलेला रंग द्यायचा. एअरब्रश नसेल तर पातळ अॅक्रिलिकचे ब्रशने सहा-सात हात दिले तरी चालतात. अर्धमॅट आणि धुळीच्या थराखाली ब्रशच्या रेघा विरतात, चकचकीत रंगावर मात्र त्या कधीच लपत नाहीत. कमी साधनं असलेल्याला मळलेली गाडी उलट जास्त मानवते.

हे काम आत्ताच करायचं, याला कारण आहे. १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी आणि महामंडळांच्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झालं आहे. अॅल्युमिनियमच्या लाल गाड्या त्यामुळे भंगारात जात आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचा विटलेला लाल रंगही. तुमच्या भागात, कळंबला, भूमला, उमरग्याला, अशी एखादी गाडी अजून दिसत असेल, तर आगारप्रमुखांची परवानगी घ्या. सकाळी दहाच्या सुमारास, पत्र्याला टेकवून एक पांढरा कागद धरून, चारही बाजूंचे आणि जमलं तर टपाचेही फोटो काढा. त्या कागदामुळे पुढे कोणालाही खरा रंग परत काढता येईल. टेप लावून चाकांमधलं अंतर, खिडकीची उंची आणि दोन रिव्हेटमधलं अंतर वहीत लिहून ठेवा. चाकाच्या कमानीतली चिमूटभर वाळलेली माती कागदाच्या पुडीत बांधा आणि पुडीवर गावाचं नाव व तारीख घाला.