करिंथचा गंध

अथेन्सहून पश्चिमेकडे जाणारी आगगाडी तासाभराने एका अरुंद, खोल चरावरच्या पुलावरून जाते. खाली निळसर पाण्याची पट्टी आणि दोन्ही अंगांना सरळ कापलेले पिवळट कडे दिसतात. हा करिंथचा कालवा. सुमारे सव्वासहा किलोमीटर लांबीचा हा कालवा जहाजांना खुला झाला तो १८९३ साली. पण नीरो बादशहाने इथं पहिली कुदळ मारली होती इ. स. ६७ मध्ये. त्या खोदकामावर जुंपायला रोमन सेनापती व्हेस्पेसियनने गालीलात पकडलेले सहा हजार ज्यू तरुण धाडले, असं इतिहासकार योसेफस सांगतो. त्याआधी दहा-बारा वर्षं संत पौलाने इथल्या इवल्याशा ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आपण जागोजागी ख्रिस्ताच्या ज्ञानाचा सुवास पसरवणारी माणसं आहोत, असं म्हटलं होतं. प्रवचनांत हे वचन हमखास येतं आणि त्याचा अर्थ बहुधा गोड लावला जातो: ख्रिस्ती माणसाने असं वागावं की चार लोकांना त्याच्या सहवासात प्रसन्न वाटावं. करिंथमध्ये फिरू लागलं की हा अर्थ फार तोकडा वाटू लागतो.

१८५८च्या भूकंपानंतर नवं गाव समुद्रकाठी वसलं; जुनं करिंथ आतल्या बाजूला, अक्रोकरिंथच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथल्या संग्रहालयात मुठीत मावतील अशा मातीच्या गोल कुप्या मांडलेल्या आहेत. तोंड बारीक, कड चपटी आणि रुंद, म्हणजे तेलाचा थेंब सांडू न देता अंगाला लावता यावा. इ. स. पूर्व सातव्या-सहाव्या शतकांत सुगंधी तेलाच्या अशा कुप्या इथून भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने जात. इटलीतल्या थडग्यांतही त्या सापडल्या आहेत. आयरिसच्या कंदापासून केलेल्या करिंथच्या अत्तराला एके काळी सर्वांत जास्त मागणी होती, अशी नोंद रोमन लेखक प्लिनीने केली आहे. थोडक्यात, सुवास हा या गावाचा नावाजलेला माल होता. मात्र पौलाने दृष्टान्त निवडला तो अत्तराच्या दुकानातला नव्हे, विजयमिरवणुकीतला.

अपोलोच्या देवळाचे सात खांब अजून उभे आहेत. एकेक खांब अखंड दगडाचा. इ. स. पूर्व १४६मध्ये रोमन सेनापती लुसियस मुम्मियसने हे शहर उद्ध्वस्त केलं, पुरुषांची कत्तल केली, बायकामुलं गुलाम म्हणून विकली, तेव्हाही ते इथंच होते. करिंथ नष्ट करून आपण विजयोत्सवासह परतलो, हे मुम्मियसने रोममध्ये दगडावर कोरून ठेवलं. तो शिलालेख आजही आहे. रोमन विजययात्रेत सेनापतीचा रथ, लुटीचे गाडे आणि साखळदंडातले कैदी असत, आणि वाटेवर धूप जळत असे. अप्पियनने स्किपिओच्या विजययात्रेत धूपपात्रांची रीघ वर्णिली आहे. सेनापती एमिलियस पौलसच्या विजययात्रेच्या वेळी रोमची सारी देवळं उघडून हारांनी आणि धुपाने भरली होती, असं प्लुटार्क लिहितो. आपल्याकडे समारंभ संपताना अत्तर-गुलाब होतं ते आलेल्या प्रत्येकाचा मान म्हणून. रोमचा धूप असा सर्वांसाठी नव्हता. एकाच धुराचा वास जिंकणाऱ्याला जीवनाचा येई आणि शत्रूच्या कैद झालेल्या सरदाराला गळफासाचा. पौल स्वतःला त्या मिरवणुकीतल्या कैद्यांत धरतो आणि नेमकं हेच म्हणतो: हा गंध काहींना जीवनाचा, काहींना मृत्यूचा.

यावर पहिली हरकत अशी की पौल ज्यू होता, तेव्हा त्याच्या मनात रोमचा धूप नसून यरुशलेमच्या वेदीवरच्या होमार्पणाचा सुवास असावा. हे खरंच आहे. फिलिप्पैकरांना लिहिताना तो त्यांच्या मदतीला देवाला आवडणारा सुवास म्हणतो, तिथं वेदीच आहे. पण करिंथकरांना लिहिताना सुवासाच्या आधीचं चित्र मिरवणुकीचं आहे, आणि होमातही सुवास दरवळतो तो कुणीतरी जळाल्यावरच. दुसरी हरकत अधिक वजनाची आहे. त्या मिरवणुकीत पौल विजयी सैनिकांसोबत कशावरून चालत नसेल? याचं उत्तर याच मंडळीला लिहिलेल्या त्याच्या पहिल्या पत्रात सापडतं. देवाने आम्हा प्रेषितांना सर्वांत शेवटी, मरणाची शिक्षा झालेल्यांसारखं, जगापुढे तमाशा म्हणून उभं केलं आहे, असं तो तिथं म्हणतो. ही कैद्याची जागा आहे. मुम्मियसनंतर शंभर वर्षं ओसाड पडलेलं करिंथ ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व ४४मध्ये पुन्हा वसवलं, ते मुख्यतः मुक्त झालेले गुलाम आणून. या नव्या वस्तीने जुनी थडगी उकरून त्यांतली भांडी रोमला विकली, असं स्ट्रॅबो सांगतो. म्हणजे जुन्या पराभवाची जखम त्यांची नव्हती. पण साखळी कशी असते हे त्यांच्या घराण्यांना सांगायची गरज नव्हती.

चर्चने हे चित्र नेहमी कैद्याच्या बाजूने वाचलं असं म्हणणं धाडसाचं होईल. दीवच्या लढाईनंतर १५४७ साली पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने गोव्यात रोमन थाटाची विजययात्रा काढली, डोक्यावर पानांचा मुकुट आणि मिरवणुकीत युद्धकैदी. हा जिंकला ख्रिस्ती माणसासारखा आणि मिरवला मूर्तिपूजकासारखा, असा शेरा पोर्तुगालच्या राणीने मारल्याचं सांगतात. पहिल्या अर्ध्या वाक्याबद्दल दीवच्या लोकांचं मत वेगळं असेल. दुसऱ्या अर्ध्यात राणीने पौलाला बरोबर ओळखलं. ज्याच्या मिरवणुकीत कैदी चालतात, त्याच्याभोवतीचा धूप ख्रिस्ताचा सुवास ठरत नाही.

करिंथमध्ये अपोलोच्या देवळाच्या दक्षिणेला भर चौकात दगडी न्यायासन आहे. गल्लियो या सुभेदारापुढे पौलाला उभं केलं ते इथं, असं मानतात. डेल्फीच्या शिलालेखामुळे गल्लियोचा काळ इ. स. ५१च्या आसपासचा ठरतो. चौकाच्या कडेने दुकानांच्या रांगांची जोती अजून दिसतात. सुवासाच्या वाक्यांना लागूनच पौल म्हणतो, आम्ही देवाच्या वचनाचे फेरीवाले नाही. व्यापारावर पोसलेल्या गावात हे बोलणं झोंबणारं होतं. तो स्वतः अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्यासोबत तंबू शिवून पोट भरायचा आणि करिंथकरांकडून मानधन घ्यायचा नाही. त्यांना त्यात कमीपणा वाटला असावा, कारण तुम्हाला फुकट सुवार्ता सांगितली हा माझा गुन्हा झाला काय, असं त्याला विचारावं लागलं. अत्तर लावणाऱ्याला स्वतःला त्याचा वास येत नाही, म्हणून प्लिनीने अत्तराला साऱ्या चैनींत सर्वांत निरर्थक ठरवलं होतं. पौलाला ही तक्रार मान्य झाली असती, फक्त त्याने ती अत्तराच्या बाजूने मांडली असती. हे काम पेलायला लायक कोण, असं तो त्याच ओळींत विचारतो, आणि करिंथमधल्या काहींचं उत्तर तयारच होतं: याची पत्रं वजनदार, पण माणूस समोर आला की दुबळा, आणि बोलणं तर अगदीच टाकाऊ.