उबुंटूराव, मु. पो. सावेडी

अहिल्यानगरमधल्या सावेडीच्या पाइपलाइन रोडवर झेरॉक्स आणि टायपिंगचं एक दुकान आहे. काउंटरच्या आत, झेरॉक्स मशीनच्या डाव्या हाताला, एका काळ्या जुन्या डेस्कटॉपमध्ये उबुंटूराव राहतात. चला, ओळख करून देतो. पहिल्या भेटीत ते फारसे कुणाला आवडत नाहीत, हे आधीच सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत धीर धरायचा.

ते इथं आले त्याला कारण घडलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ नं या डेस्कटॉपला दारातूनच परत पाठवलं. प्रोसेसर जुना, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही. मशीन ठणठणीत होतं, फक्त वय झालेलं. दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना सगळी गल्ली ताई म्हणते, त्यांना चालतं यंत्र भंगारात देणं पटेना. मग रॅम वाढवून आठ जीबी केली, एक एसएसडी बसवली आणि तिच्यावर उबुंटूरावांचं, म्हणजे उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २४.०४ आवृत्तीचं, बिऱ्हाड आलं. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोजभाऊंना राहू दिलं, कारण लग्नपत्रिकांच्या जुन्या फायली श्री-लिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि त्या तिथंच उघडतात. भाऊंचं इंटरनेट मात्र तोडून टाकलं.

कुळाचा अभिमान उबुंटूरावांना भारी. मूळ पुरुष लिनक्स कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिहिलेला. त्याच्या भोवतीची बरीचशी अवजारं रिचर्ड स्टॉलमननं १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातली. १९९३ चं डेबियन हे वडीलधारं घराणं. उबुंटूरावांचा स्वतःचा जन्म ऑक्टोबर २००४ चा, आणि त्यांना पुढं आणणारा मार्क शटलवर्थ त्याआधी दोन वर्षं अंतराळात जाऊन आलेला. दर आवृत्तीला एखाद्या प्राण्याचं नाव आणि त्याच अक्षरानं सुरू होणारं एक विशेषण लावायची या घराण्याला हौस आहे. सध्याचे आपले ‘नोबल नंबॅट’ आहेत. नंबॅट हा ऑस्ट्रेलियातला वाळवी खाणारा छोटा प्राणी. पाइपलाइन रोडवर कुणी तो पाहिलेला नाही, पण उबुंटूराव बिरुद मिरवतात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं. हेही ते विसरू देत नाहीत.

आणि एवढ्या मोठ्या घराण्यातल्या या गृहस्थांना पहिल्याच दिवशी बोटभर वाय-फाय डोंगल ओळखता येईना.

दोष डोंगलचा होता. या जातीचे कितीतरी डोंगल यूएसबीत खोचले की आधी आपण सीडी असल्याचं सोंग घेतात. त्या खोट्या सीडीत विंडोजसाठीचा ड्रायव्हर असतो. उबुंटूराव सरळ मनाचे. समोरचा सीडी म्हणतो ना, मग ती सीडी. त्यांनी ती मानानं पडद्यावर मांडली आणि वाय-फाय नाही म्हणून सांगून टाकलं. ‘एलएसयूएसबी’ हा हुकूम दिल्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी त्यांनी पुढं ठेवली, त्यात डोंगलचं खरं नाव-गाव निघालं. ती सीडी ‘इजेक्ट’ केली. डोंगलनं सोंग टाकलं, चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीच होता, आणि आजूबाजूच्या घरांची सगळी वाय-फाय नावं खाली ओळीनं आली. पुन्हा पुन्हा हे करावं लागू नये म्हणून एका फाइलीत तसा नियम लिहून ठेवला. एकदा लिहून दिलेला नियम उबुंटूराव मोडत नाहीत. डोंगल चालू होईपर्यंत इंटरनेट हवं असेल तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं. त्याला ते कधी नाही म्हणत नाहीत.

पासवर्डच्या बाबतीत ते कमालीचे आतल्या गाठीचे आहेत. टर्मिनलमध्ये ‘सुडो’ म्हणून काही मोठं काम सांगितलं की पासवर्ड मागतात, आणि आपण टाइप करत असताना पडद्यावर काहीच उमटू देत नाहीत. ठिपका नाही, तारा नाही. ताईंनी कीबोर्ड उलटा करून झटकला, केबल काढून पुन्हा लावली. मागं उभ्या असलेल्या माणसाला पासवर्ड किती अक्षरांचा आहे हेसुद्धा कळू नये, एवढाच त्यांचा हेतू. दिवसभर काउंटरवर गर्दी असलेल्या दुकानात हा स्वभाव मला फार मोलाचा वाटतो.

गिऱ्हाइकांना ते परके वाटतात याचंही नवल नाही. २००१ पासून महाराष्ट्रात गावोगाव एमएस-सीआयटी हा संगणक-अभ्यासक्रम शिकवला गेला तो विंडोजवर. संगणक म्हणजे डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण, हे एका पिढीच्या बोटांत बसलं आहे. पण एके दिवशी प्रतिज्ञापत्र टाइप करून घ्यायला आलेले कोर्टातले एक कारकून काउंटरवरून वाकून म्हणाले, “अहो, हे तर आमच्या ऑफिसातले!” त्यांचं खरं होतं. ई-कोर्ट्स प्रकल्पात देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटूच घेतलं गेलं, आणि खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली सरकारी संगणक-संस्था एनआयसीच्या पुणे केंद्रात मुक्त सॉफ्टवेअर वापरून घडली. त्या दिवसापासून ताई उबुंटूरावांना जरा अदबीनं वागवतात.

शेजारच्या विंडोजभाऊंशी त्यांचं वाजतं ते मुख्यतः घड्याळावरून. मदरबोर्डवर घड्याळ एकच. उबुंटूराव ते ग्रिनिचच्या वेळेला लावतात आणि पडद्यावर दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतात. भाऊ तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून जसंच्या तसं वाचतात. परिणाम असा की दुपारी चार वाजता पत्रिकेचं काम करायला भाऊंना उठवलं की ते साडेदहा वाजल्याचं सांगत. इंटरनेट तोडलेलं, त्यामुळं त्यांची चूक बाहेरून दुरुस्त होण्याचीही सोय नाही. शेवटी उबुंटूरावांनाच एक हुकूम देऊन घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं. त्यांनी ऐकलं. पण आजही वेळेची माहिती विचारली की खाली इशारा लिहितात: ही पद्धत पूर्णपणे भरवशाची नाही, शक्य असेल तर बदला. आज्ञा पाळायची आणि मतभेदही नोंदवायचा, असा बाणा.

दुसऱ्याच्या घराबद्दलचा संकोचही शिकण्यासारखा. भाऊंना ‘फास्ट स्टार्टअप’ची सवय होती, बंद केलं तरी ते अर्धवट झोपेतच राहत. अशा वेळी त्यांच्या डिस्कवरच्या फायली उबुंटूराव वाचू देतात, बदलू देत नाहीत. मालक पुरता झोपलेला नसताना त्याच्या कपाटात हात घातला तर नासधूस होईल, हे त्यांना कळतं. भाऊंच्या पॉवर सेटिंगमधला तो फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर दार मोकळं झालं.

मराठी मात्र त्यांना छान येते, आणि ती त्यांना आपल्याच माणसांनी शिकवली आहे. २००० च्या आसपास इंडलिनक्स या गटानं भारतीय भाषा लिनक्सवर आणायचं काम सुरू केलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेले लोहित फॉन्ट रेड हॅट या लिनक्स कंपनीनं २००४ मध्ये मुक्त परवान्यानं सगळ्यांना दिले. ज्या श्री-लिपीसाठी भाऊंना घरात ठेवावं लागलं, तीही याच मॉड्युलरची. पडद्यावरचे मेनू, सूचना, मदतीची पानं मराठीत आणायला कित्येकांनी संध्याकाळचा वेळ दिला. त्यांची नावं दुकानात कुणालाच माहीत नाहीत, याची मला हळहळ वाटते.

एका अर्जात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द सारखा चुकत होता. ‘र्य’ होऊन रफार वर चढायचा. ताईंची बोटं इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर, स्वर डावीकडं आणि व्यंजनं उजवीकडं. उबुंटूरावांचं म्हणणं साधं होतं: साधा र दिलात तर रफार देईन; शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबा, ऱ द्या, मग हलन्त आणि य द्या, बघा कसा ऱ्य येतो. तसाच आला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दुकानात शेतकरी शुद्ध लिहिता आलाच पाहिजे, नाही का?

आता प्रिंटर. उबुंटूरावांचा खरा कस लागतो तो इथं.

दुकानातला छोटा लेझर प्रिंटर विस्मरणाचा रोगी आहे. बंद केला की स्वतः प्रिंटर असल्याचंच विसरतो. चालू झाल्यावर संगणकानं दर वेळी त्याला फर्मवेअरची फाइल पाठवायची, तेव्हा कुठं तो कामाला लागतो. ती फाइल मुक्त परवान्याची नाही. उबुंटूराव स्वतःच्या सामानात तिला जागा देत नाहीत. हवी असेल तर तुम्ही आणा, मी ठेवून घेईन. पण हे ते तोंडानं सांगत नाहीत. छपाईच्या यादीत काम दिसतं, मग ‘फिल्टर फेल्ड’ एवढे दोन शब्द येतात, आणि काउंटरवर गिऱ्हाईक आधार कार्डाच्या प्रतीसाठी उभं असतं. अशा वेळी त्यांच्या छपाई-कारभाऱ्याला गाठावं लागतं. त्याचं नाव कप्स. ॲपलच्या मॅकवरही छपाईचा कारभार हाच पाहतो. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहून ६३१ क्रमांकाचं दार ठोठावलं की त्याची कचेरी उघडते: कोणता प्रिंटर, कोणता ड्रायव्हर, काम कुठं अडलं. तिथून ड्रायव्हरचं नाव कळलं, प्रिंटर बनवणाऱ्यांची ती फाइल आणून बसवली, आणि प्रिंटरनं पहिला कागद गरम गरम बाहेर टाकला. त्यानंतर आजवर तक्रार नाही. ५०० महासंगणक सांभाळणाऱ्या घराण्याला एका आधार कार्डाच्या प्रतीसाठी एवढी मिनतवारी करावी लागते, हे उबुंटूरावांच्या जिवाला लागत असणार.

त्यांचा जो गुण मी सगळ्यांत वर ठेवतो तो वेगळाच आहे. उबुंटूराव रोजनिशी लिहितात. अगदी क्षणाक्षणाची. किती वाजता उठलो, कोणतं उपकरण सापडलं, कोण रुसलं, कोणी पासवर्ड चुकवला, सगळं. एका उन्हाळ्यात मशीन दुपारी आपोआप बंद पडू लागलं. एका दुरुस्तीवाल्यानं हात न लावताच मदरबोर्ड गेल्याचा निकाल दिला. रोजनिशी वाचायचा हुकूम ‘जर्नलसीटीएल’. मागच्या वेळची पानं हवीत म्हटलं की तीही काढून देतात. त्यात दोन तऱ्हेचे शेवट दिसले. काही दिवशी मजकूर वाक्याच्या भरात तुटलेला, निरोपाची एकही ओळ नाही. ती वीज गेल्याची खूण. यूपीएसची बॅटरी मेलेली होती आणि वळवाच्या वाऱ्यानं तारा हलल्या की दिवे जात. पण काही दिवशी शेवटी स्पष्ट लिहिलेलं: तापमान धोक्याच्या पातळीला पोचलं, बंद करत आहे. पेटी उघडली. पाइपलाइन रोडची धूळ पंख्यात गच्च भरलेली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत. पंखा साफ केला, पेस्ट नवी लावली, यूपीएसला बॅटरी टाकली. मदरबोर्ड तोच आहे.

वीज गेल्याच्या धक्क्यातूनही ते सावरतात ते याच सवयीनं. फायलींची उलाढाल करण्याआधी ती टिपून ठेवायची त्यांच्या ईएक्सटी४ या फाइल-सिस्टिमची रीत आहे, त्यामुळं उठल्यावर अर्धवट राहिलेलं काम निस्तरून ते पुन्हा उभे राहतात. नवा कर्नेल आला तरी जुना लगेच टाकून देत नाहीत. नव्यानं दगा दिला तर सुरुवातीला दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना तयार असतो.

सगळीच कामं त्यांना जमतात असं नाही. टॅली त्यांच्याकडं थेट चालत नाही. काही कामांसाठीचा डिजिटल सहीचा टोकन ते ओळखतात, पण त्याबरोबरचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी असेल तर हतबल होतात. हिशेबनीस असाल किंवा जुन्या फॉन्टमधल्या हजार पत्रिका सांभाळत असाल, तर भाऊंना घरात ठेवा. पत्रव्यवहार, अर्ज, ब्राउझर, स्कॅन, छपाई, मुलांचा अभ्यास एवढं काम असेल तर जुन्या यंत्राला यांच्यासारखा सोबती नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. २४.०४ ला प्रसिद्धीपासून पाच वर्षं अपडेट मिळत राहतात आणि कुणी परवान्याचे पैसे मागत नाही.

तुमच्याकडंही असा नाकारलेला डेस्कटॉप असेल तर त्यांना एकदा पाहुणे म्हणून बोलवा. पेनड्राइव्हवरून चालू करून ‘ट्राय उबुंटू’ निवडलं की डिस्कला हात न लावता ते काम करून दाखवतात. तेवढ्यात वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड तपासून घ्या. अडलं तर पडद्यावर काय लिहिलं आहे ते शेवटपर्यंत वाचा. मार्ग बहुतेक वेळा तिथंच असतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत, ते फुकट आहेत. आणि कायमचं इन्स्टॉल करण्याआधी घरातले फोटो आणि जमिनीचे कागद दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. डिस्क पुसण्याआधी उबुंटूराव विचारतात जरूर, पण एकदा हो म्हटलंत की मागं वळत नाहीत.