एकाच डोक्याची

ती कायम उताणी. पालथी ठेवली तर कडेचा घाट बिघडतो, म्हणून टेबल असो की फळी, माथा खाली आणि कड वर. उचलायची तीही कडेला धरून. माथ्याच्या चिमटीला धरून उचललीत तर दाजी काही बोलत नाहीत, पण तुमच्या हातातून ती काढून घेतात.

रंग करडा म्हणावा तर साईकडे झुकलेला. टेक्सासात त्याला सिल्व्हरबेली म्हणतात. कड चार इंच, दोन्ही कानांवर किंचित उचललेली. माथ्यावर मधोमध एक लांब खोलगट रेघ आणि दोन अंगांना दोन खळगे, म्हणजे गुरं राखणाऱ्यांची ‘कॅटलमन’ घडी. आत चामड्याची पट्टी, तिच्यावर सोनेरी ठशात दाजींचं नाव, आणि मागच्या बाजूला नखाएवढी बो. ती बघून घालायची, म्हणजे पुढचं मागे होत नाही. आमचे दाजी मूळचे सांगलीचे, आता फोर्ट वर्थचे. अर्धं आयुष्य डोक्याला खोबरेल तेलापलीकडे काही न लावलेल्या या माणसाने पन्नाशी उलटल्यावर ही हॅट मापाने बनवून घेतली आणि तिची किंमत ताईला टप्प्याटप्प्याने सांगितली. शुद्ध बीव्हरच्या, हाताने केलेल्या हॅटला आज हजार डॉलर सहज पडतात.

एवढं आहे तरी काय तिच्यात? तिच्या अंगाला ना ताणा, ना बाणा. बीव्हर हा पाण्यात राहणारा, झाडं कुरतडून ओढ्याला बांध घालणारा प्राणी. त्याच्या राठ केसांखाली दाट मऊ लव असते आणि त्या लवेच्या केसाकेसाला सूक्ष्म खवले असतात. ही लव हवेने उडवून भोकं पाडलेल्या, फिरत्या शंकूवर शोषून घेतात आणि वरून गरम पाणी मारतात. त्या घडीला तो लवेचा शंकू इतका नाजूक असतो की धसमुसळ्या माणसाच्या हाती देण्यात अर्थ नाही. मग दाब, लाटणं, पुन्हा गरम पाणी, पुन्हा लाटणं. केस केसात अडकत जातो, शंकू आटत आटत निम्म्याहून लहान होतो, आणि हाती येतं ते फेल्ट. काश्मीरचा नमदा याच घराण्यातला. पण तो लोकरीचा आणि जमिनीवर राहणारा, तेव्हा हिच्यासमोर त्याचं नाव न काढलेलं बरं.

मापाने हॅट करून देणारा कारागीर सहसा फेल्ट स्वतः करत नाही. त्याच्याकडे कच्चं टोपरं येतं, टेनेसीतल्या विंचेस्टरहून किंवा पोर्तुगालमधल्या साओ जुआँव दा मादेइरा या हॅटवाल्यांच्या गावाहून. त्या बेढब टोपऱ्यातून कुणा एकाची हॅट काढणं हे त्याचं काम. आणि त्यासाठी आधी डोकं लागतं.

पॅरिसमध्ये १८४३ साली निघालेलं कॉन्फॉर्मेटर नावाचं यंत्र जुन्या वळणाचे कारागीर अजून वापरतात. दिसायला ते उंच काळ्या हॅटसारखंच, फक्त सगळं अंग पट्ट्यापट्ट्यांचं. डोक्यावर बसवलं की प्रत्येक पट्टी आपापल्या जागी डोक्याला टेकते आणि तेवढी बाहेर सरते. वरच्या झाकणात एक छोटा कागद. झाकण दाबलं की टाचण्या त्याला टोचतात आणि डोक्याचा घेर लहान होऊन कागदावर उमटतो. लहान होताना त्यातला वाकडेपणा मात्र वाढून दिसतो. आपलं डोकं गोल आहे अशी आपली समजूत असते. दाजींचा कागद मी पाहिला आहे: उजव्या कानाच्या वर फुगलेला, मागे डावीकडे चेपलेला, बाजारात कुणी निवडून बाजूला टाकावा तसा बटाटा. ताई म्हणाली, “हे यंत्र लग्नाआधी मिळायला हवं होतं.”

तो कागद कारागिराने जपून ठेवला. पुढे वाफ देऊन टोपरं लाकडी ठोकळ्यावर ओढलं, बुडाशी दोरी आवळली, आणि दोरीच्या खालचं कड झालं, वरचं माथा. मग सँडपेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. बाहेरून आता हात फिरवला तर बोटांना कापड लागत नाही, कातडंही लागत नाही. तिसरंच काहीतरी लागतं. कड चहूबाजूंनी एका मापात कापली, पट्टी हाताने शिवली, आणि शेवटी त्या कागदावरून लाकडाच्या फाळक्या जुळवून तोच बटाट्याचा आकार हॅटच्या आतल्या घेराला तापवून दिला. दुकानातली साधी हॅट नंबराने मिळते आणि डोकं तिला जुळवून घेतं. हिच्यात दाजींचा उजव्या कानावरचा फुगवटा मुळातूनच आहे.

पुष्कळ हॅटच्या आत ‘२०एक्स’, ‘१००एक्स’ असे आकडे छापलेले असतात आणि नवखी माणसं त्यांवर भाळतात. त्यांना सर्वमान्य असं काही माप नाही. एका कंपनीचे वीस दुसरीच्या शंभराला भारी पडू शकतात. हिच्यात असा आकडा नाही. दाजींनी विचारलं तेव्हा कारागीर म्हणाला होता, हात लावून बघा.

मिजास आहे, आणि घराणं मोठं असल्याचा गुमानही आहे. पण मोठ्या घराण्यांचं असतं तेच हिचंही आहे. युरोपात हॅटची हौस वाढली आणि तिथला बीव्हर जवळपास संपला. मग मोर्चा उत्तर अमेरिकेकडे वळला. १६७० साली स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी वाढली ती मुख्यतः या कातड्यांवर. पुढे रेशमी टॉप हॅटची फॅशन आली आणि प्राणी थोडा सुटला. माणसं त्यानंतरही सुटली नाहीत. लव लवकर जुळावी म्हणून तिला पाऱ्याचं द्रावण लावत. कोंदट खोल्यांतून त्याची वाफ वर्षानुवर्षं छातीत जाई. हात कापू लागत, जीभ अडखळे, माणूस बुजरा आणि चिडका होई. कनेक्टिकटमधलं डॅनबरी हे हॅटचं शहर. तिथे या कंपाला शहराचंच नाव चिकटलं होतं. अमेरिकेतल्या कारखान्यांतून पारा हटला तो १९४१ मध्ये, तोवर अनेक पिढ्या भरडून झाल्या होत्या. जुन्या हॅटवर भाळणारे हा भाग सांगायचा टाळतात. मला तो सांगितल्याशिवाय तिचं कौतुक करणं जड जातं.

स्टेट्सनची गोष्ट मात्र सगळे सांगतात. जॉन स्टेट्सन हा न्यू जर्सीतल्या हॅटवाल्याचा मुलगा, प्रकृती सुधारायला पश्चिमेकडे गेला आणि परतल्यावर १८६५ साली फिलाडेल्फियाला त्याने धंदा मांडला. त्याच्या ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ या हॅटचा माथा सपाट गोल होता, एकही खळगा नसलेला. खळगे पाडले ते घालणाऱ्यांनी, ज्याने त्याने आपल्या हाताने. आजच्या सगळ्या रुबाबदार घड्या त्या हाताळण्यातूनच आल्या.

ती डोक्यावर चढली की दाजींची मान सरळ होते, चाल संथ होते, आणि दारात बाईमाणूस दिसलं की दोन बोटं आपोआप कडेला जातात. लोक चेहऱ्याआधी हॅट बघतात. हॅटचा हा गुण आपल्याकडे फार मोठ्या कामी आला होता. डिसेंबर १९२८ मध्ये भगतसिंग लाहोरच्या पोलिसांदेखत आगगाडीत चढले ते साहेबी वेषात, हॅट घालून. दुर्गाभाभी पत्नी म्हणून सोबत, आणि आपले खेडचे राजगुरू नोकर म्हणून. हॅट एकाच्या डोक्यावर, सामान दुसऱ्याकडे, आणि पोलिसांना दिसला तो साहेब.

सांगलीला भाच्याच्या लग्नात ती आली होती. विमानात वरच्या कप्प्यात चेपेल म्हणून दाजी मुंबईपर्यंत ती मांडीवर घेऊन बसले. लग्नघरी फेटेवाला पुरुषांना ओळीने फेटे बांधत होता. फेटा हाही मापाचाच प्रकार, पण दर वेळी नव्याने डोक्यावर घडणारा. दाजींचा नंबर आला तेव्हा कुणीतरी मदतीच्या भावनेने हॅट उचलली आणि आतल्या खोलीत पलंगावर ठेवली. गुराख्यांच्या मुलखात पलंगावरची हॅट म्हणजे अपशकुन. कुणी उवांचं कारण देतं, कुणी थेट मरणाचं. दाजी अर्धवट फेट्यासकट उठले, मागे चार हात शेमला लोंबतोय, त्याच्या मागे फेटेवाला. “अहो साहेब, पीळ सुटला!” हॅट कपाटावर उताणी गेली, तेव्हा कुठे फेटा पुरा झाला. नंतर मामांनी ती घालून बघितली. भुवयांवर आली, डावीकडे कलली. मामा म्हणाले, “हिला मी पसंत नाही.”

पावसाला ती भीत नाही. थेंब कडेवर मोत्यासारखे उभे राहतात, झटकले की गेले. चिंब झालीच तर आतली पट्टी बाहेर उलटायची आणि सावलीत आपली आपण वाळू द्यायची. उन्हात उभ्या गाडीत मात्र तिला कधी सोडू नये. उष्णतेने पट्टीचं चामडं आकसतं आणि मापाची हॅट बिनमापाची होते. टेक्सासचे जुने लोक मे महिनाअखेर ते सप्टेंबरची सुरुवात फेल्ट डोक्यावर चढवतच नाहीत, तेव्हा गवताची हॅट. ते तीन महिने ती डब्यात असते.

आता पट्टीवर घामाचे डाग आहेत, कडेला एक काळपट बोट उमटलंय. दाजींना ते पुसायचं नाही. कारागीर म्हणाला, फेल्ट चांगलं आहे, वाफ देऊन, घासून, नवी पट्टी लावून पुन्हा उभी करता येईल, एकदा नाही, अनेकदा. दुसऱ्या डोक्यालाही बसवता येईल. हे ऐकून दाजींच्या मुलाने आपल्या डोक्याचा कागद काढून घेतला. त्याचं डोकं बापापेक्षा बरंच सरळ निघालं. कड तेवढी इंचभर कमी करीन, म्हणाला, हल्ली एवढी रुंद कोण घालतं.

“गवताची एक घेऊन देतो तुला,” दाजी म्हणाले. “ती काप हवी तेवढी.”