ऑक्टेन, कुंभार्ली घाट आणि आमचा पार्टनर

मंडळी, हॉस्टेलवर काही वाद कायमचे असतात. मेसच्या आमटीत डाळ असते की नसते, हा एक. गाडीत साधं पेट्रोल टाकायचं की महागातलं, हा दुसरा. पहिल्याचा निकाल ब्रह्मदेवालाही लावता येणार नाही. दुसऱ्याचा मात्र लागू शकतो, आणि आमच्या रूममध्ये तो लावावाच लागला, कारण प्रश्न पैशांचा होता.

माझ्या रूम पार्टनरने सेकंडहँड स्पोर्ट बाइक घेतली. दीडशे सीसी, फुल फेअरिंग, मागे बसणाऱ्याची पाठ मोडेल अशी सीट. अर्धे पैसे त्याने दोन सुट्ट्यांत काम करून जमवलेले, अर्धे आईच्या भिशीचे. गडी चिपळूणचा. मे महिन्यात मी त्याच्या घरी गेलो होतो. परत येताना कुंभार्ली घाट चढायला लागलो, मागे मी, दोघांच्या मध्ये आंब्याची पेटी, आणि इंजिनमधून आवाज सुरू झाला. डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. थ्रॉटल पिळला की वाढायचा, सोडला की गायब. वर कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा पार्टनर एवढंच म्हणाला, "इंजिन गेलं तर आईला काय सांगू?"

गॅरेजवाल्याने दोन मिनिटांत निदान केलं. "नॉकिंग आहे. इथून पुढे शंभर ऑक्टेनच टाकायचं. नाहीतर इंजिन खोलू, आठ-नऊ हजार धरून चाल." हॉस्टेलवर आल्यावर तर सल्ल्यांचा पाऊस. कुणी म्हणे ९५ टाक, पिकअप वाढतो. एका सीनियरने गंभीर चेहऱ्याने टाकीत डांबराच्या गोळ्या टाकायला सांगितलं. (हा सल्ला प्रत्येक हॉस्टेलवर मिळतो. करू नका. त्या पेट्रोलमध्ये विरघळतात खऱ्या, पण नंतर त्याचे स्फटिक बारीक भोकांत जाऊन बसतात.)

आता थोडे फंडे. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की आग प्लगपासून पुढे सरकत जाते. जातानाच ती समोरच्या न जळलेल्या मिश्रणाला दाबत आणि तापवत असते. कोपऱ्यातलं हे शेवटचं मिश्रण आग पोचायच्या आधीच आपणहून पेटलं, की दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात. तोच तो खड्यांचा आवाज. असं बराच काळ चाललं तर पिस्टनचा माथा खड्डे पडून खराब होतो, रिंगा बसतात त्या कडा तुटतात. या आपणहून पेटण्याला पेट्रोल किती विरोध करतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेनला १०० गुण, एन-हेप्टेनला शून्य. ९१ ऑक्टेन म्हणजे ठरावीक चाचणी-इंजिनात ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागणारं इंधन. बस्स. यात ताकदीचा उल्लेख कुठेही नाही. १०० ऑक्टेनच्या लिटरमध्ये जास्त ऊर्जा कोंबलेली नसते.

मग 'पिकअप वाढतो' हे कुठून आलं? तर कम्प्रेशन रेशोवरून. सेकंड इयरला आपण सगळ्यांनी घोकलेलं ऑटो सायकलचं सूत्र काढा. रेशो ८ असेल तर आदर्श कार्यक्षमता साधारण ५६ टक्के, ११.६ असेल तर ६२ टक्के. (प्रत्यक्षात पुष्कळ कमी, व्हायवाला हे सांगायला विसरू नका.) म्हणून कंपन्या रेशो वाढवत नेतात. यामाहा आर १५ हीच गाडी २००८ साली आली तेव्हा १०.४ होता, २०१८ च्या मॉडेलपासून ११.६. लिटरवाल्या निन्जा झेडएक्स-१०आरमध्ये तर १३. असा दाब सोसायला जास्त ऑक्टेन लागतं. म्हणजे ताकद इंजिनाची, ऑक्टेन ही फक्त त्याची परवानगी. गाडीच्या पुस्तिकेत ९५ लिहिलं असेल तर तिथे कंजूषपणा नको. ९१ लिहिलं असेल तर वरचे आकडे बहुधा पंपवाल्याच्या फायद्याचे. एक लक्षात ठेवा, अमेरिकन व्हिडिओतलं ९१ वेगळ्या मापाचं असतं. ते आपल्याकडच्या साधारण ९५-९६ च्या बरोबरीचं.

पार्टनरच्या पुस्तिकेत ९१ होतं. तरी त्याने एक टाकी ९५ ची भरली. घाटात आवाज तसाच. याचं कारण नंतर कळलं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की २० टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे साध्या पेट्रोलचंच ऑक्टेन ९५ पर्यंत गेलंय. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास. (ऊर्जा मात्र लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणून मायलेज थोडं पडतं.) म्हणजे ९५ वाला आकडा बहुधा टाकीत आधीच होता! राहिलं शंभर. ते १ डिसेंबर २०२० ला इंडियन ऑइलने दहा शहरांत आणलं, त्यात मुंबई-पुणे होते. आमच्या तालुक्यात मिळत नाही, आणि भाव साध्याच्या जवळपास दीडपट. पार्टनर पुण्याहून कॅनमधून आणायचं म्हणत होता. एसटीत पेट्रोलचा कॅन!

शेवटी आम्ही आय. सी. इंजिन लॅबच्या काकांकडे गेलो. काकांनी ऑक्टेनचा विषयच काढला नाही. "कुठल्या गिअरला वाजतं? किती स्पीडला? गाडी तापते का?" असे प्रश्न. तिसऱ्या गिअरला, पस्तीसच्या आसपास, हे ऐकून ते नुसते "हं" म्हणाले.

ऑक्टेन ही फक्त पेट्रोलची बाजू झाली. दुसरी बाजू इंजिनाची, म्हणजे त्याला नॉकिंग टाळायला किती ऑक्टेन लागतं, आणि ती बाजू रोज बदलते. इंजिन तापलं की गरज वाढते, कार्बन साचला की वाढते, कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिला की वाढते, कारण शेवटच्या मिश्रणाला पेटायला सवड मिळते. महागड्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो, तो ठिणगी मागे ओढून सांभाळून घेतो. छोट्या बाइक्समध्ये बहुधा नसतो.

कूलंटची बाटली उघडली तर पातळी खालच्या रेषेच्याही खाली. प्लग काढला तर पुस्तिकेतल्यापेक्षा जास्त गरम जातीचा. दोन्ही बदललं. पुढच्या रविवारी पुन्हा घाट, पेटीच्या जागी काकांनी सांगितल्याप्रमाणे तेवढ्याच वजनाची पुस्तकं. आवाज निम्म्यावर आला, गेला नाही. मग काकांनी मागच्या स्प्रॉकेटचे दात मोजायला लावले. पुस्तिकेत ४८, चाकावर ४४. आधीच्या मालकाने टॉप स्पीडच्या हौसेपायी बदललेलं. त्यामुळे त्याच वेगाला इंजिन आठ टक्के हळू फिरत होतं, आणि घाटात दोन माणसं ओढताना त्याचा जीव जात होता.

मूळ मापाचं स्प्रॉकेट आणि चेन बसवली. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. तिसऱ्या रविवारी, साध्या पेट्रोलवर, तिसऱ्याऐवजी दुसऱ्या गिअरला आणि मग मुद्दाम तिसऱ्यालाही चढलो. आवाज नाही. वर पोचल्यावर पार्टनरने हेल्मेट काढून आईला फोन लावला आणि अर्धा तास पावसाबद्दल बोलला.

काढलेलं ४४ दातांचं स्प्रॉकेट आमच्या रूममध्ये खिळ्याला टांगलंय. लॅबमध्ये ठेवायला द्या म्हणून काका दोनदा निरोप पाठवून झालेत.